हेलियमची झडप

काळ्या मखमलीच्या ट्रेमध्ये तिनं दोन घड्याळं शेजारी शेजारी ठेवली, तसे भाऊ म्हणाले, "थोडं अंतर ठेवा ओ. एकमेकांना लागतील."

तिनं ठेवलं. तिच्या हातांत पांढरे मोजे होते आणि कोटावरच्या पट्टीवर अर्पिता असं नाव. भाऊंनी चष्मा पुसला, लावला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसते बघत बसले. धरणाच्या भिंतीवर ओल दिसली की तिच्याकडे बघत असतील, तसे.

पुणं, मे महिना. बाहेर डांबर पाघळत होतं आणि शोरूममध्ये माझे पाय गारठले होते. मला त्या दिवशी भाऊंना एक गोष्ट सांगायची होती. मी पुन्हा लग्न करणार होतो. मुलगी रत्नागिरीची, गौतमी खवणेकर, सिव्हिलमध्ये नर्स. दोन्हीकडून जवळजवळ ठरलंच होतं. पण माझी पहिली बायको भाऊंची मुलगी होती. तिच्या बापाला हे माझ्या तोंडून कळायला हवं होतं, आणि कळल्यावर तो माझा राहणार नाही हेही मी धरून चाललो होतो. मला वडील नाहीत. होते ते हेच.

"हे काळं स्विस आहे," अर्पिता म्हणाली, "आणि हे निळं जपानी. दोन्ही ऑटोमॅटिक, दोन्ही प्रोफेशनल डायव्हर्ससाठीची. कुणासाठी बघताय, सर?"

"जावयासाठी." भाऊंनी माझ्याकडे अंगठा केला. "पाणबुडे आहेत हे. हौशी नव्हे, पोटापाण्याचे."

वजन

भाऊंनी आधी एक तळहातावर घेतलं, मग दुसरं. मग दोन हातांत दोन, डोळे मिटून.

"काळं जड आहे."

"हो सर, ते स्टीलचं आहे. निळं टायटॅनियमचं, म्हणून हलकं."

"हलकं म्हणजे कच्चं?"

"उलट, सर."

"उलट," भाऊ मला म्हणाले. "ऐकलंत, जावईबापू? जड ते पक्कं असं काही नसतंय."

श्रीधर पाटगावकर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मुक्काम कोल्हापूर. या माणसानं आयुष्यात कोणतीही वस्तू दोन बघितल्याशिवाय घेतली नाही. मिक्सर घेताना दुकानदाराला दोन्ही भांड्यांत शेंगदाणे वाटायला लावले होते आणि दोन्ही कूट चाखून, तिसऱ्याच दुकानात जाऊन पहिलाच मिक्सर घेतला होता. "जावई तेवढा एकच बघितला," माई म्हणायच्या, म्हणजे माझ्या सासूबाई. "तोही पाण्यातनं वर येताना."

ते खरं होतं. भाऊंच्या धरणाचा एक दरवाजा खालून गळत होता. ठेकेदारानं मला पाठवलं. कमरेला दोरी, दोरीचं टोक वर कठड्याशी उभ्या असलेल्या भाऊंच्या माणसाकडे. खाली फट सापडली, काम झालं, दोरीला हिसका दिला आणि वर आलो. भाऊंनी स्वतः दंडाला धरून ओढून घेतलं. टॉवेल दिला, डब्यातली भाकरी दिली.

"भीती नाही वाटत?"

"कसली? हिसका दिला की वर."

"लग्न झालंय?"

हिसका दिला की वर. हे माझं वाक्य भाऊंनी घरी जाऊन सांगितलं. त्यांच्या शर्वरीनं म्हणे त्या वाक्यावरच होकार दिला.

अधिक महिना

"पुण्याला या," एवढंच फोनवर म्हणाले होते. "अधिक लागलाय."

मागचा अधिक आला तेव्हा आमच्या लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. माईंनी तेहेतीस अनारसे केले, चांदीचं निरांजन दिलं, आम्हा दोघांना पाटावर बसवून ओवाळलं. जावई विष्णू, लेक लक्ष्मी. मी अनारसा उलटा धरला म्हणून शर्वरी पाटावरच हसत सुटली आणि माईंनी तिच्या गुडघ्यावर चापट मारली.

आता लेक नव्हती. वाण जोडीला देतात. एकट्याला देत नाहीत, माईंनी तसं स्पष्ट सांगितलं होतं म्हणे. म्हणून भाऊ ताटाशिवाय, अनारशांशिवाय, पहाटेच्या एसटीनं एकटे आले होते. हातात पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि माझ्यासाठी चिवडा.

"वाण म्हणून नाही," स्टँडवर भेटल्या भेटल्या म्हणाले. "नुसतं द्यायचंय काहीतरी. यात शास्त्र काढू नका."

मी काय काढणार होतो.

कडं

घड्याळाच्या काचेभोवतीचं कडं फिरतं. भाऊंनी काळ्याचं फिरवलं, टिकटिक असा बारीक आवाज. उलटं फिरवून बघितलं, फिरेना.

"अडकलंय काय हे?"

"नाही सर, बेझेल एकाच बाजूला फिरतं. पाण्यात जाताना ही खूण मिनिटकाट्यावर आणायची. मग किती वेळ खाली आहोत ते कळतं. चुकून धक्का लागला तरी वेळ जास्त झाल्याचं दाखवणार, कमी झाल्याचं कधीच नाही."

"म्हणजे चुकलं तरी जिवाच्या बाजूनं चुकणार." भाऊंना ते फार आवडलं. त्यांनी निळ्याचंही फिरवलं. "तुम्ही असंच लावता काय?"

"खाली घड्याळ कोण बघतंय, भाऊ. वरून सुपरवायझर कानात सांगतो. वेळ त्याच्याकडे."

"आणि तुमच्याकडं?"

"पाना."

अर्पिता हसली. भाऊ हसले नाहीत. कडं एकेक टिक पुढं नेत राहिले.

काच

"भाऊ, एक बोलायचं होतं."

"आधी काच."

काच नीलमण्याइतकी कठीण, चरे पडत नाहीत, असं ती म्हणाली. भाऊंनी दोन्ही काचांवर नख घासून बघितलं. तिनं घासू दिलं.

अंधारात

"हे चमकतं का बघायचंय."

"सर, पाण्याखाली खूप छान दिसतं, ग्लो एकदम—"

"इथं दिसू द्या."

भाऊंनी दोन्ही घड्याळं ओंजळीत घेतली, ओंजळीवर माझा रुमाल घातला आणि रुमालाच्या फटीला डोळा लावला. साठी उलटलेला माणूस, पुण्यातल्या महागड्या दुकानात, रुमालात तोंड घालून. पलीकडच्या काउंटरवरचं जोडपं बघायला लागलं.

"या," भाऊ आतून म्हणाले. "तुम्ही पण बघा."

मी डोकं आत घातलं. आमची कपाळं टेकली. त्यांच्या केसांना तोच वास होता, शर्वरी त्यांना आणून द्यायची त्या माक्याच्या तेलाचा. अंधारात एक हिरवं वर्तुळ होतं आणि एक निळसर. काटे कळत होते. भाऊंचा श्वास चालू होता. तिथंच सांगून टाकावं असं मला वाटलं, तोंड दिसत नाही तोवर.

"भाऊ, मी..."

"हिरवं जास्त उजळ आहे," ते म्हणाले आणि डोकं बाहेर काढलं.

किंमत

टॅग उलटा करून भाऊंनी तो अंगठ्याखाली दाबून धरला होता. मला शेवटपर्यंत वाचू दिला नाही.

चाल

"याला सेल नाही?"

"नाही सर. ऑटोमॅटिक आहे ना, हात हलला की आतली चकती फिरते आणि स्प्रिंग भरत राहते."

"आणि हात हलला नाही तर? काढून ठेवलं कपाटात?"

"दोन-तीन दिवस चालतं. निळं थोडं जास्त. मग बंद पडतं."

"बिघडतं?"

"नाही नाही. परत हातात घातलं की चालू. वेळ तेवढी लावून घ्यायची."

भाऊंनी निळं घड्याळ कानाशी धरून ऐकलं. मग, "बरं आहे," म्हणाले. कुणाला, ते कळलं नाही.

झडप

काळ्या घड्याळाच्या कडेला, डाव्या अंगाला, एक बारकी गोल चकती होती. भाऊंनी तिच्यावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"हेलियम एस्केप व्हॉल्व्ह," अर्पिता म्हणाली. तिला हे पाठ असावं. "सॅच्युरेशन डायव्हिंग करणाऱ्यांसाठी. हे स्विसमध्येच आहे, जपानीत वेगळं डिझाइन आहे, व्हॉल्व्ह लागत नाही. नॉर्मल कस्टमरला तसा उपयोग नसतो, पण फीचर म्हणून खूप—"

"झडप आहे ही," भाऊ म्हणाले. "झडप मला कळते. कशाची आहे ते सांगा."

तिनं माझ्याकडे बघितलं.

"वायूची," मी म्हणालो. "आम्ही आत असतो तेव्हा हवेत हेलियम मिसळलेला असतो. तो इतका बारीक की घड्याळातही शिरतो. बाहेर येताना दाब कमी होतो, तेव्हा आतला हेलियम फुगतो. त्याला वाट दिली नाही तर काच उडते."

"आत म्हणजे कुठं आत?"

"चेंबरमध्ये."

"समुद्रात?"

"नाही. जहाजावर. लोखंडी टाकी असते, आडवी. सहाजण राहतात. खाली समुद्राच्या तळाशी जेवढा दाब, तेवढाच टाकीत. महिनाभर त्याच दाबात राहायचं. खायचं, झोपायचं, घंटेसारख्या डब्यात बसून खाली कामाला जायचं, परत त्याच टाकीत."

"आणि महिना संपला की?"

"की बाहेर."

"हिसका दिला की वर," भाऊ म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते घड्याळाकडे बघत होते.

"तसं नसतं ते, भाऊ. दाब हळूहळू उतरवतात. घाई केली तर रक्तात बुडबुडे होतात. माणूस लुळा पडतो, नाहीतर जातो."

"हळूहळू म्हणजे किती?"

"खोलीवर असतं."

"मागच्या साली," भाऊ म्हणाले. "मार्गशीर्षात. तेव्हा किती होतं?"

अर्पिता हातातल्या फडक्याची घडी करायला लागली.

मार्गशीर्षात शर्वरी माहेरी होती. सकाळी डोकं दुखतंय म्हणाली, माईंनी सुंठ उगाळून लावली. मेंदूतली शीर फुटली होती. दुपारी गेली. भाऊंनी कंपनीच्या ऑफिसला फोन केला, ऑफिसनं जहाजाला. आणि टाकीतल्या स्पीकरवरून, आम्ही जेवत असताना, सुपरवायझरनं मला सांगितलं.

"चार दिवस," मी म्हणालो.

"चार दिवस."

"तुमचा निरोप आला त्याच मिनिटाला सुरुवात केली त्यांनी. माझ्यासाठी सहाजणांचं काम थांबवलं, सगळ्यांनाच बाहेर काढायला घेतलं. पण त्याच्यापेक्षा लवकर कुणालाच आणता येत नाही. मंत्र्याचा मुलगा असता तरी नाही."

"टाकीचं दार उघडता येत नाही?"

"दार लगेच उघडलं असतं तर मी कोल्हापूरला पोचलो नसतो, भाऊ. टाकीतनंच उचलला असता."

भाऊंनी काळं घड्याळ ट्रेमध्ये ठेवलं. उचललं. परत ठेवलं.

"मला तुमच्या ऑफिसातनं सांगितलं, वर आणायला सुरुवात केलीय. मी घरी सांगितलं, निघाले. रात्रीपर्यंत येतील. उशिरात उशिरा पहाटे. मी तुम्हाला पाण्यातनं येताना बघितलं होतं ना, माझ्या हातानं ओढून घेतलं होतं. किती वेळ लागतो ते मला माहीत होतं." ते अगदी सावकाश बोलत होते. "दवाखान्यात सांगून तिला गार खोलीत ठेवलं. सकाळी सगळे विचारायला लागले, आता किती थांबायचं. मी म्हटलं, बारापर्यंत. मग म्हटलं, तीनपर्यंत. वेंगुर्ल्याहून आलेल्या तुमच्या काकांनी शेवटी माझ्या हातात मडकं दिलं."

"भाऊ..."

"बायका म्हणाल्या, कंपनीनं सोडलं नसेल. पुरुष म्हणाले, पगार मोठा आहे, कोण सोडून येतंय. मी भांडलो त्यांच्याशी. पण काय म्हणून भांडणार? मला तरी कुठं माहीत होतं? तुम्ही पाचव्या दिवशी आलात. दारात उभे राहिलात. आणि काही बोलला नाहीत."

खरं आहे. मी काही बोललो नव्हतो. त्या घरात कुणी काही विचारलं नाही आणि मला वाटलं, यांना माहीत असणार. भाऊंना नाही तर कुणाला माहीत असणार. पाण्याच्या दाबावर ज्यांनी सगळी नोकरी केली त्यांना मी काय सांगायचं.

"फोन का नाही केलात?" भाऊंनी विचारलं. "टाकीत फोन नसतो?"

"असतो."

"मग?"

"आवाज," मी म्हणालो.

"काय आवाज?"

"हेलियममध्ये आवाज बदलतो. बदकासारखा होतो. लहान मुलांच्या कार्टूनमध्ये असतो तसा. आम्ही एकमेकांना हसतो पहिले दोन दिवस, मग सवय होते." पुढचं मला नीट सांगता येईना. "मी रडलो तेही त्याच आवाजात. बाकीचे पाचजण भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या आवाजात मी तुम्हाला फोन करून काय म्हणणार होतो? शर्वरीच्या बापाला? माईंना?"

भाऊंनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. अर्पितानं आमच्यापुढं पाण्याचे दोन ग्लास आणून ठेवले आणि ती दोन पावलं मागं जाऊन उभी राहिली.

निवड

"मला ठाऊक आहे हे," भाऊ म्हणाले. "चार दिवसांचं. गेल्या आठवड्यापासनं."

मी मान वर केली.

"खवणेकरांचा फोन आला होता मला."

मी पुढ्यातला ग्लास बाजूला सारला.

"चौकशीसाठी. ते काय चुकलं नाही त्यांचं. मुलगी द्यायची म्हणजे चौकशी करायचीच. मीही तुमची केली होती, वेंगुर्ल्याला माणूस पाठवून. आता तुमची चौकशी माझ्याशिवाय कुणाकडं करणार? विचारलं, मुलगा कसा आहे. मी सांगितलं, चांगला आहे. दारू? नाही. हात उचलला कधी? नाही. तापट? भूक लागली की तेवढा. सगळं सांगितलं." त्यांनी ग्लास उचलला, पाणी न पिता खाली ठेवला. "मग विचारलं, तुमची मुलगी गेली तेव्हा ते आले नव्हते म्हणतात, ते का? त्याचं उत्तर नव्हतं माझ्याकडं. म्हटलं, नंतर कळवतो."

"मी आज तेच सांगायला आलो होतो, भाऊ. लग्नाचं."

"होय की. स्टँडवर उतरल्यापासनं तुम्ही सांगताय ते दिसतंय मला." किंचित हसले. "तुम्हाला काहीतरी द्यायचं मनात होतं, म्हणून दुपारी माई झोपल्या की मोबाईलवर घड्याळं बघत बसायचो. एका गोऱ्यानं ही दोन शेजारी ठेवून तुलना केलेली. त्यात ही झडप आली. ती टाकी दाखवली त्यानं. ते दिवस सांगितले. मी ते चार वेळा बघितलं. मग म्हटलं, जावयाच्या तोंडून ऐकायचं. गोऱ्याच्या नको."

"माईंना?"

"सांगितलं. रडल्या. मग मला म्हणाल्या, त्या पोराला काय खायला देत होते आत." त्यांनी चष्मा लावला. आवाज एकदम ऑफिसातला झाला. "ओ बाई. निळं द्या."

अर्पिता पुढं आली. "सर, सरांचं काम बघता खरं तर व्हॉल्व्हवालं..."

"म्हणूनच. झडप नाही तेच द्या." मग माझ्याकडं वळून, "टाकी सोडा आता. धरणं आहेत, पूल आहेत, बंदरं आहेत. पैसा कमी मिळेल, मिळू दे. त्या मुलीचं डोकं दुखलं तर फोन तुम्ही उचलायचा. तुमच्या आवाजात."

"त्या व्हॉल्व्हची गरजच नसते या निळ्याला, सर, ते त्याच्याशिवायही टाकीत चालतं," अर्पिता हळूच म्हणाली. खोटं बोलता येत नसावं तिला.

भाऊंनी दोन्ही घड्याळांकडे आळीपाळीनं बघितलं.

"चालत असेल," ते म्हणाले. "आपण न्यायचं नाही."

पट्टा

पट्ट्याच्या दोन कड्या काढाव्या लागल्या. अर्पितानं माझ्या मनगटाखाली बोट घालून अंदाज घेतला आणि बारक्या हत्यारानं पिना ठोकत बसली. मी हात टेबलावर पसरून तिच्या स्वाधीन केला होता, त्यामुळे जागचा हलू शकत नव्हतो. भाऊंनी मोबाईल काढला, हातभर लांब धरून नंबर शोधला आणि तिथंच, खुर्चीत पाठ ताठ करून, लावला.

"खवणेकर? मी पाटगावकर, कोल्हापूर. ... पुण्यात आहे. ... होय, ऊन आहेच. तुमचा एक प्रश्न राहिला होता माझ्याकडं. ... तोच. ... नाही ओ, टाळला नव्हता. मला ठाऊकच नव्हतं. आज विचारून घेतलं."

अर्पितानं ठोकायचं थांबवलं.

"निघाले होते. आम्ही कळवलं त्याच घटकेला निघाले होते. वाटच चार दिवसांची होती. ... ते तुम्ही त्यांच्याकडनं समजून घ्या, मला नीट सांगता यायचं नाही. ... हं. ... हं. आणि ते काम सुटेल आता. ... नाही, मी सांगितलंय."

पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत राहिलं. भाऊ ऐकत होते. मोकळ्या हातानं त्यांनी काळं घड्याळ ट्रेच्या कडेला, वेगळं सरकवून ठेवलं.

"आमची?" ते म्हणाले, आणि थांबले. "होय. सुखात होती. द्या तुम्ही मुलगी."